आभारप्रदर्शनाची कसरत

आमच्या घराला दारं फार. आजोबांनी घर बांधलं तेव्हा लाकूड स्वस्त असावं, किंवा सुताराकडून काही येणं असावं. पुढच्या सोप्यातून मागच्या परसात जायचं तर सहा चौकटी ओलांडाव्या लागतात. मी कात्री आणायला म्हणून सोप्यातून उठतो आणि तिसऱ्या चौकटीत कात्री डोक्यातून निघून जाते. स्वयंपाकघरात पोचल्यावर बायको विचारते, "काय हवंय?" काहीतरी हवं असणारच, नाहीतर मी कशाला आलो असतो, म्हणून मी म्हणतो, "पाणी." तहान नसताना मी इतकं पाणी प्यायलोय, की पाणी जास्त प्या असं सांगायची सोय डॉक्टरांना उरलेली नाही.

या विसरण्याला शास्त्रीय आधार आहे हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. अमेरिकेत नोत्र दाम विद्यापीठात गॅब्रिएल रॅडव्हान्स्की नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०११ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. माणसानं एका टेबलावरची वस्तू उचलायची आणि दुसऱ्या टेबलावर नेऊन ठेवायची. कधी त्याच खोलीत, कधी दार ओलांडून पलीकडच्या खोलीत. अंतर तेवढंच. पण दार ओलांडलं की आपण काय नेत होतो, याचा विसर जास्त पडायचा. मेंदू म्हणे चौकटीपाशी मागच्या खोलीचा हिशेब मिटवतो आणि नवा उघडतो. माझी सगळी नोकरी सरकारी लेखा विभागात गेली. तिथं हिशेब वर्षातून एकदा, मार्चअखेरीस मिटायचा, आणि तोही ओरडाआरडा करून. माझ्या डोक्यात दर चौकटीला मार्चअखेर होते, एवढाच याचा अर्थ.

मी हे मोठ्या अभिमानानं आईला वाचून दाखवलं. आईनं पंच्याऐंशी ओलांडली आहे. ती म्हणाली, "दारं मी पण ओलांडते."

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. १९७२च्या दुष्काळात शेजारच्या घरी गेलेली अडीच पायली ज्वारी अजून परत आलेली नाही, हे ती त्या घरातल्या तिसऱ्या पिढीला, त्यांच्या बारशाला जाऊन, आठवणीनं सांगते. कुणाच्या मुंजीत कुणी कुठलं पातेलं दिलं आणि त्यावर नाव कुणाचं खोडलेलं होतं, हे तिला विचारावं. मी माझ्या मुंजीत काय काय आलं हे तिलाच विचारतो.

घरातलं विसरणं घरात राहतं. चारचौघांतलं विसरणं इतिवृत्तात जातं. साताऱ्यात आमच्या पेठेत एक लहानसं वाचनालय आहे, आणि मी त्याचा सहकार्यवाह आहे. वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात प्रास्ताविक कार्यवाह करतात, परिचय उपाध्यक्ष करून देतात, आणि लोक चपला शोधायला लागले की आभार मानायला मला उभं करतात. गेल्या वर्षी मी चांगला कागद लिहून नेला होता. वाचताना मधेच लक्षात आलं, की कोटाच्या खिशातून निघालेला कागद त्याच्या आदल्या वर्षीचा आहे. पण तोवर मी पेठेतल्या एका ज्येष्ठ सभासदांचे, प्रकृती बरी नसतानाही आवर्जून उपस्थित राहिल्याबद्दल, मनःपूर्वक आभार मानून बसलो होतो. ते फेब्रुवारीत वारले होते. त्यांचे चिरंजीव दुसऱ्या रांगेत होते. त्यांनी हात जोडले, हा त्यांचा मोठेपणा.

यंदा कागद नाही, असं मी कार्यकारिणीत जाहीर केलं. तीस नावं तोंडपाठ म्हणून दाखवीन. कार्यकारिणीला कागदापेक्षा माझीच काळजी जास्त वाटत होती, पण दुसरा कुणी आभार मानायला तयार नव्हता.

आमची मुलगी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. मी तिला फोनवर विचारलं, बदाम किती खाऊ? ती म्हणाली, "बाबा, बदाम राहू दे. चालायला लागा." आणि मग तिनं मला माझ्याच डोक्याची माहिती दिली. दोन्ही कानशिलांच्या आत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचे मेंदूचे दोन लहानसे भाग असतात. नव्या आठवणी पक्क्या करायचं काम बऱ्याच अंशी त्यांच्याकडे. उतारवयात ते दरवर्षी जरा जरा आक्रसतात. किर्क एरिक्सन, आर्थर क्रेमर वगैरे अमेरिकी संशोधकांनी ५५ ते ८० वयाची १२० माणसं घेतली. निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटं झपाझप चालायला लावलं, उरलेल्यांना नुसते ताण देण्याचे हलके व्यायाम दिले. वर्षानं मेंदूची छायाचित्रं काढली, तर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला, आणि दुसऱ्या गटाचा सुमारे १.४ टक्क्यांनी घटलेला. हे २०११ साली प्रसिद्ध झालं.

"दोनच टक्के?" मी म्हणालो.

"महागाई भत्ता दोन टक्के वाढला तर पेढे आणता ना?" ती म्हणाली.

मुद्दा पटला. शिवाय नुसतं बसून राहिलं तर दरसाल कपात आहे, हे लेखा विभागातल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पुढं तिनं बीडीएनएफ नावाच्या प्रथिनाबद्दल सांगितलं. व्यायामानं ते वाढतं. मेंदूतल्या पेशींना ते जगवतं आणि त्यांच्या आपसांतल्या जोडण्या घट्ट करतं. यीव्ह बार्द आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली ते डुकराच्या मेंदूतून वेगळं काढलं. फोन स्पीकरवर होता. आई तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली. "कुणाच्या मेंदूतून?" मी म्हणालो, उंदराच्या. उंदीरही या शास्त्रात आहेतच, त्यामुळं मी पूर्ण खोटं बोललो नाही. कॅलिफोर्नियात सॉक इन्स्टिट्यूटमध्ये हेन्रिएट व्हान प्राग आणि फ्रेड गेज यांनी १९९९ साली दाखवलं, की पिंजऱ्यात फिरतं चाक मिळालेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी दुपटीच्या आसपास तयार होऊन टिकतात. त्या उंदरांना कुणी पळा म्हणून सांगितलं नव्हतं. चाक दिसलं की ते आपणहून पळत. मला ही गोष्ट जरा खटकली, पण मी बोललो नाही.

पुढच्या शनिवारी ती आली ती एक घड्याळ घेऊन. ते पावलं मोजतं. दिवसाला दहा हजार झाली की मनगटावर थरथरतं. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या ऋषीनं सांगितला म्हणून मी चौकशी केली. टोकियोत १९६४चं ऑलिंपिक झालं, चालण्याची हवा होती, आणि १९६५ साली एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. आकडा गोल होता, विकायला बरा होता, म्हणून राहिला. २०१९ साली हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षं वयाच्या हजारो बायकांची पावलं मोजली, तेव्हा रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येसुद्धा मृत्यूचं प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा चांगलंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढं फायदा फारसा वाढत नव्हता. मी तात्काळ साडेसात हजारांवर आलो. मग एका रविवारी घड्याळ बायकोच्या हातात राहिलं. घरी पाहुणे होते, तिनं पोळ्या लाटल्या, आणि दुपारपर्यंत घड्याळाच्या मते ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या यवतेश्वरचा घाट चढून गेली होती. त्यानंतर माझा त्या यंत्रावरचा विश्वास उडाला आणि बायकोबद्दलचा आदर वाढला. दोन्ही गोष्टी मी बोलून दाखवल्या नाहीत.

चालायचं तर सोबत हवी. अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यानं पहाटे आमच्या वयाची बरीच मंडळी जातात, त्यांतल्या एका कंपूत मी शिरलो. या कंपूचा एक नियम होता, तो कुठं लिहिलेला नव्हता: महत्त्वाचं बोलायचं असेल तर थांबायचं. आणि त्यांच्यात बिनमहत्त्वाचं कुणी काही बोलतच नसे. एक जण तेवढ्यात "तसं नाही ते" म्हणायचा, की पाच जण रस्त्याच्या मधोमध उभे. जिल्हा बँक, पाऊस, जावई, कास तलावाची पातळी. किल्ल्याचा दरवाजा आम्हाला खालूनच चांगला दिसायचा. पहिल्या वळणापर्यंत उजाडायचं आणि उजाडल्यावर चहाची आठवण यायची.

मुलीला हे सांगितलं तर ती हसायच्या ऐवजी गंभीर झाली. स्वीडनमध्ये १९९७ साली वृद्धांच्या निवासातल्या ५८ जणांना चालता चालता बोलतं केलं. बारा जण बोलण्यासाठी थांबले. त्यांतले दहा पुढच्या सहा महिन्यांत पडले. चालणं आणि बोलणं एकाच वेळी मेंदूला झेपेनासं होतं, त्याची ती खूण. मी दुसऱ्या दिवशी कंपूला ही माहिती दिली. ती ऐकायला सगळे थांबले. मग त्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी सांगितलं, की स्वीडनमधली माणसं हातवारे करत नाहीत. आपण थांबतो ते मेंदूसाठी नव्हे, हातांसाठी. यावर चर्चा झाली. त्या दिवशी आम्ही वळणापर्यंतसुद्धा गेलो नाही.

इकडे वर्धापनदिन जवळ येत होता आणि एरिक्सनचं वर्ष काही मला मिळणार नव्हतं. सरकारी माणसाला वर्षभराचं काम मार्चमध्ये उरकायची सवय असते. मी काहीतरी झटपट शोधू लागलो, आणि मला हॉलंड सापडलं.

नायमेगन गावच्या विद्यापीठात २०१६ साली ७२ जणांना चित्रं आणि त्यांच्या जागा अशा ९० जोड्या पाठ करायला दिल्या. मग एका गटानं लगेच पस्तीस मिनिटं व्यायामाची सायकल दामटली, एका गटानं चार तासांनी दामटली, एका गटानं काहीच केलं नाही. दोन दिवसांनी परीक्षा. चार तासांनी सायकल मारणाऱ्यांना सगळ्यांत जास्त आठवलं. लगेच मारणाऱ्यांना काही फायदा नाही. व्यायामात शरीर डोपामिन, नॉरॲड्रेनलिन वगैरे रसायनं सोडतं, आणि आठवण मुरत असताना नेमक्या वेळी ती मिळाली तर ती पक्की होत असावी, असा त्यांचा कयास. आता बहात्तर जणांच्या एका प्रयोगावर गावभर पळू नये, हे मला आज कळतं. त्या वेळी मला फक्त "चार तास" दिसले. सकाळी दहाला अध्यक्षांपासून पहारेकऱ्यापर्यंत तीसही नावं घोकली. दहा आणि चार, चौदा. म्हणजे दुपारी दोन. महिना वैशाखाचा होता, हे गणितात कुठं आलं नाही.

दुपारी दोनच्या उन्हात साताऱ्याच्या रस्त्यावर साठीचा माणूस पळताना दिसला तर त्याचे दोनच अर्थ होतात: कुणीतरी गेलं, किंवा गाडी सुटतेय. बुटांऐवजी मी सवयीनं चपला घातल्या होत्या, त्यामुळं दोन्ही अर्थांना बळकटी आली. पहिल्याच चौकात किराणा दुकानदार बाहेर येऊन ओरडले, "कोण?" मी हातानंच काही नाही अशी खूण केली. ती त्यांनी "सगळं संपलं" अशी वाचली असावी, कारण त्यांनी शटर अर्धं ओढलं. पुढं एक पोरगा मोटरसायकलवरून शेजारी आला. "काका, बसा मागं! कुठली गाडी?" मला नको म्हणायचं होतं, पण नको म्हणायला लागतो तेवढा श्वास शिल्लक नव्हता. त्यानं मला बसवलं आणि वाऱ्याच्या वेगानं एसटी स्टँडवर नेऊन सोडलं. "पुण्याची लागलीय बघा," तो म्हणाला आणि एवढं पुण्य केल्याच्या आनंदात निघून गेला. पुण्याची खरंच लागली होती. वाहकानंही मला बघून दार धरून ठेवलं. मी तिथल्या बाकावर बसून तीस नावं आठवायचा प्रयत्न केला. एकच आठवलं, आणि ते रसवंतीचं होतं, कारण समोर पाटी होती. रिक्षा करून घरी आलो.

संध्याकाळी पाचच्या सुमारास पेठेतले दोघं आणि कंपूतले मुख्याध्यापक हळूच फाटक उघडून आले. चेहरे तयार होते. सोप्यात आई तांदूळ निवडत बसलेली पाहून त्यांची पंचाईत झाली. एकानं नाकाला लावलेला रुमाल घडी घालून खिशात ठेवला. आईच्या सगळं लक्षात आलं. "मी आहे अजून," ती म्हणाली. "चहा घ्या." चहा घेताना तिनं त्यांतल्या एकाला ज्वारीची आठवण करून दिली. तो त्या घरातला नव्हता, त्या घरचा व्याही होता, पण निरोप पोचवायला चालला.

त्या रात्री माझ्या पोटऱ्यांना तेल लावताना आई म्हणाली, "पाठ करायचं आणि मग पळायचं, हे दोन वेगळं कशाला? एकदमच करावं. आम्ही नमस्कार घालताना नावं घ्यायचो की."

आई मूळची औंधची. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे असे काही भक्त होते, की संस्थानातल्या शाळांतून मुलामुलींना नमस्कार सक्तीचे होते. १९३९ साली त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला, पण नमस्कार कुणाला सोपवले नाहीत, स्वतः घालत राहिले. १९३८ साली त्यांचं नमस्कारांवरचं पुस्तक इंग्रजीत आलं, त्याच्या नावातच दहा अवस्था आहेत. औंधची पद्धत दहाची. आई परकर खोचून शाळेच्या पटांगणात नमस्कार घालायची. मित्र, रवी, सूर्य, भानू अशी सूर्याची बारा नावं नमस्कारागणिक एकेक यायची. आता गुडघे वाकत नाहीत, म्हणून ती खाटेवर बसून नुसते हात जोडते आणि नावं घेते, पण एकही नाव मागंपुढं होत नाही. तिनं मला विचारलं, "तुझी नावं किती?"

"तीस."

"दहा अवस्था. तीन नमस्कार. झालं."

लेखा विभागात इतका सुबक ताळेबंद मी पाहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी सोप्यात सतरंजी पडली. पहिली अवस्था, ताठ उभं राहून हात जोडायचे: अध्यक्ष. दुसरी, कमरेत वाकून तळवे जमिनीला: प्रमुख पाहुणे. तिसरीत एक पाय मागं: उपाध्यक्ष. चौथीत दोन्ही पाय मागं, देह फळीवर: कार्यवाह. पाचवी साष्टांग: ग्रंथालयाला दोन लोखंडी कपाटं देणारे देणगीदार. सहावीत छाती वर, मान मागं: वर्तमानपत्रांचे प्रतिनिधी. असं करत दहाव्या अवस्थेत पुन्हा ताठ, तिथं मांडववाले. अकरावी म्हणजे दुसऱ्या नमस्काराची पहिली, तिथंही ताठच: शाळेचं पटांगण देणारे मुख्याध्यापक. आई खाटेवरून बघायची आणि चुकलं की काठीनं माझ्या कोपराला टोचायची.

आणि चमत्कार झाला. नावं बसली. नुसती बसली नाहीत, हाडांत उतरली. बायको पोळ्या करता करता आतून हाक मारायची, "सतरा!" आणि मी सोप्यात तळवे जमिनीवर, कंबर छताकडे अशा अवस्थेत जाऊन ओरडायचो, "रांगोळी काढणाऱ्या भगिनी!" बरोबर. "पाच!" मी जमिनीवर. "देणगीदार!" दूधवाल्यानं एकदा हे दारातून पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून तो दूध ओट्यावर ठेवून जायला लागला. व्यायामाचा आणि स्मरणाचा असा संगम हॉलंडच्या लोकांना सुचला नव्हता, याचा मला थोडा गर्वही झाला. चपळाई आली, भूक लागायला लागली, झोप चांगली झाली. एकदा तर कात्री आणायला गेलो आणि कात्रीच आणली.

वर्धापनदिनाला पटांगण भरलं होतं. आई पहिल्या रांगेत. भाषणं झाली, लोक चपला शोधायला लागले, मला उभं केलं. माइक उभ्या दांडीचा होता, दांडीचा स्क्रू कधीच गंजलेला होता, आणि उंची माझ्या ओठांना बरोबर होती. मी हात जोडले. ताठ. अध्यक्षांचं नाव पदव्यांसकट खणखणीत आलं. पुढं प्रमुख पाहुणे.

नाही.

माणूस माझ्या डाव्या हाताला दीड फुटावर बसलेला. त्याचं भाषण मी नुकतंच ऐकलेलं. नाव नाही. ताठ उभं राहून मी डोक्यातल्या सगळ्या चौकटींतून फिरून आलो, कुठंच नाही. तेवढ्यात कमरेला आपोआप बाक आला, हात गुडघ्यांपर्यंत गेले, आणि नाव आलं. मी ते तिथंच, गुडघ्यांपाशी, स्पष्ट उच्चारात घेतलं. पाहुणे प्राध्यापक होते आणि माझ्याहून बरेच लहान. एका ज्येष्ठ माणसाला आपल्या पायांशी वाकलेला पाहून ते खुर्चीतून ताडकन उठले आणि "अहो, काय हे" म्हणत त्यांनी माझे पाय धरायला वाकायला सुरुवात केली. आमची डोकी थोडक्यात चुकली. तोवर उपाध्यक्षांची वेळ झाली होती आणि माझा डावा पाय मागं निघाला होता. तो समईच्या चौरंगाला लागला. समई वाचली ती उपाध्यक्षांमुळं; त्यांनी दोन्ही हातांनी धरली, त्यामुळं त्यांचे आभार मानताना ते उभे होते, एवढं तरी रीतसर झालं.

चौथ्या अवस्थेला मी टेबलाच्या कडेवर हात टेकून देह तिरपा केला. पाचव्याला व्यासपीठावर आडवं पडायचं नाही, एवढं भान होतं. मी टेबलावर कपाळ टेकलं, आणि देणगीदारांचं नाव टेबलक्लॉथमध्ये घेतलं. अध्यक्षांनी पाठीवर हात ठेवून विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी सहाव्या अवस्थेत जाऊन, छाती वर आणि मान मागं करून, वर्तमानपत्रांचे आभार मानले. ते त्यांना उत्तर वाटलं. कुणीतरी "शुगर, शुगर" म्हणालं आणि माझ्या हातात पेढा आला. तो मी सातव्या अवस्थेत गिळला.

पण क्रम चुकला नाही. तीन नमस्कार, तीस नावं, एकही मागं-पुढं नाही. शेवटी ताठ उभा राहून मी वाचनालयाच्या पहारेकऱ्याचं नाव घेतलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मला वाटलं, मी जिंकलो.

माइकवाला तारा गुंडाळताना म्हणाला, "काका, सहाच नावं आली." मला कळेना. तो म्हणाला, "तुम्ही सरळ उभं होता तेव्हाचीच आली. बाकीची खाली गेली." मी हिशेब केला. पहिलं, दहावं, अकरावं, विसावं, एकविसावं, तिसावं. अध्यक्ष, मांडववाले, मुख्याध्यापक, चहावाले, खुर्च्या भाड्यानं देणारे आणि पहारेकरी. वाचनालयाला दोन कपाटं देणाऱ्या माणसानं, गावात खुर्च्यावाल्याचे दोनदा आभार मानल्यासारखं ऐकू येतंय, अशी तक्रार त्याच रात्री केली. रांगोळीच्या भगिनींनी पुढच्या वर्षी खुर्च्यावाल्यांकडूनच रांगोळी काढून घ्यावी असं कळवलं.

मुलीला फोन केला. तिला आधी हसू आवरेना, मग तिनं स्कॉटलंड काढलं. तिथं १९७५ साली गॉडन आणि बॅडली या संशोधकांनी पाणबुड्यांना शब्दांच्या याद्या पाठ करायला दिल्या, काही किनाऱ्यावर, काही वीस फूट पाण्याखाली. पाण्याखाली पाठ केलेलं पाण्याखालीच जास्त आठवलं, कोरड्यावरचं कोरड्यावर. जिथं आणि जसं शिकलात, तिथं आणि तसंच ते परत यायला बघतं. "तुम्ही वाकून पाठ केलंत बाबा," ती म्हणाली. "उभ्यानं कसं येणार?" हे आधी सांगायला काय झालं होतं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही अध्यक्षांना सूर्यनमस्कार घालताय हे मला कुणी सांगितलं होतं?" आणि एरिक्सनच्या वर्षाची आठवण करून दिली. आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटं, न थांबता, आणि ज्यांना थांबल्याशिवाय बोलता येत नाही अशांच्या सोबतीशिवाय.

कंपू मी सोडलेला नाही, पण हल्ली मी त्यांच्या पुढं दोन वळणं असतो. ते थांबले की आवाज येतो, तेवढी सोबत मला पुरते. आईला माझं आभारप्रदर्शन आवडलं. फक्त दुसऱ्या नमस्काराला मी पुन्हा डावाच पाय मागं घेतला, तो उजवा हवा होता, असं तिचं म्हणणं आहे, आणि ते ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. आता तिच्या यादीत ज्वारीच्या खाली माझा पाय आहे.

कार्यकारिणीची बैठक गेल्या आठवड्यात झाली. यापुढं आभारप्रदर्शन खुर्चीत बसून, चालू वर्षाचा कागद पाहून करावं, असा ठराव आला. सूचक मी होतो. अनुमोदन उपाध्यक्षांनी दिलं. हाताला अजून समईचं तेल आहे, असं ते म्हणाले, आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.